पहिली रायफल, शुक्रवारसाठी

१ मार्च, शुक्रवार

निर्णय झाला. नेमबाजी शिकायची. स्वतःची रायफल घ्यायची. पंचावन्नाव्या वर्षी हे काय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. नेमबाजीने पाठ ताठ राहते, नजर सुधारते, मन शांत होतं. कुठेतरी वाचलंय.

बोहूशचा यात काही संबंध नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर माझाच गोंधळ नको.

बोहूश जानेवारीपासून पबमध्ये नेमबाजांच्या टेबलावर बसतो. बसू दे. कित्येक वर्षं दर शुक्रवारी तो, मी आणि व्हेंडेलिन कोपऱ्यातल्या टेबलावर पत्त्यांचा मारियाश खेळायचो. या खेळाला तिघे लागतात. नाताळाच्या आधी व्हेंडेलिन मुलीकडे ओलोमोउत्सला राहायला गेला. आम्ही दोघे उरलो. दोघांत मारियाश होत नाही. दोन शुक्रवार नुसते एकमेकांकडे आणि पत्त्यांच्या जोडाकडे बघत बसलो. त्यानंतर नेमबाजी क्लबचा अध्यक्ष होलुब, त्याला कुणीतरी सांगितलं की बोहूश लष्करात असताना नेमबाजीत पलटणीत पहिला आला होता. होलुबने त्याला हाक मारली, "ये की रे इकडे, पाच मिनिटं."

ती पाच मिनिटं अजून चालू आहेत.

त्या टेबलावर पितळी पाटी आहे. 'नेमबाजी क्लब. फक्त सभासदांसाठी.' सभासद व्हायला काय लागतं, असं मी पबवाल्या यार्काला सहज विचारलं. ती म्हणाली, परवाना आणि स्वतःची बंदूक. सहजच विचारलं होतं.

कोपऱ्यातलं टेबल एकट्या माणसाला देत नाहीत. मला दाराजवळ बसवतात, कोट टांगायच्या खुंट्यांखाली. आज कुणाचा तरी ओला मफलर माझ्या लसणीच्या सूपमध्ये पडला. पिळून खुंटीला परत लावला.

२ मार्च, शनिवार

बजेट ठरलं. पंधरा हजार कोरुना, त्यावर एक छदाम नाही. गावाबाहेरच्या आमच्या लाकडी घराची पन्हाळ बदलायला ठेवले होते. पन्हाळ गळते तर गळू दे, पावसाचं पाणी शेवटी जमिनीतच जाणार.

क्वेताला योग्य वेळी सांगेन. बायकोला अशा गोष्टी वेळ बघून सांगाव्या लागतात.

सकाळभर इंटरनेटवर अभ्यास. सगळीकडे एकच लिहिलंय, नवशिक्याने बारीक नळीची .२२ घ्यावी. काडतुसं स्वस्त, धक्का कमी, आवाज कमी. दुपारपर्यंत मला रायफलींतलं बऱ्यापैकी कळायला लागलं. शेवटी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नियम शिकवणारा माणूस. नियम वाचणं हा माझा धंदाच आहे.

५ मार्च, मंगळवार

रौबालच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. त्याने विचारलं, काय करायचंय बंदुकीचं. म्हटलं, नेमबाजी. किती अंतरावरून? म्हटलं, मध्यम.

त्याने हातातली बंदूक परत मांडणीवर ठेवली. मग म्हणाला, "हे बघा, आधी परवाना काढा. तोवर काही म्हणजे काही विकत घेऊ नका. रेंजवर जाऊन दुसऱ्यांच्या चार-पाच बंदुका हातात धरून बघा. मग माझ्याकडे या. जुनी, पण नळी चांगली असलेली .२२ देतो. उरलेले पैसे काडतुसांत घाला. झकपक बंदूक घेतात आणि काडतुसांना पैसे नसतात, मग बसतात घरी पुसत."

मोलाचा सल्ला. तंतोतंत पाळणार.

निघताना बंदूक ठेवायचं लोखंडी कपाट दिसलं. शनिवारपर्यंत चाळीस टक्के सूट. परवान्याशिवाय बंदूक घेता येत नाही, पण कपाट घेता येतं. घेऊन टाकलं. रौबाल मागून काहीतरी सांगत होता. दुकानदाराचं किती ऐकायचं?

८ मार्च, शुक्रवार

महिला दिन. क्वेतासाठी लाल कार्नेशनचं फूल आणलं, वर क्रीमचे केक. केक खाऊन झाल्यावर रायफलीचं सांगितलं. वेळ अचूक साधली.

ती बराच वेळ चमचा चाटत बसली. मग म्हणाली, "हे बोहूशसाठी चाललंय का?"

मी हसलो. जरा जास्तच हसलो असेन, कारण कुत्रा उठून दुसऱ्या खोलीत गेला.

क्वेता म्हणाली, "अरे मग त्याला फोन कर ना. म्हणावं रविवारी जेवायला ये, डुकराचं मांस आणि कोबी करते."

फोन! पुरुषांचे प्रश्न फोनने सुटले असते तर काय हवं होतं? आणि मुळात प्रश्न नाहीच आहे. हा छंद आहे.

पन्हाळीबद्दल तिने अजून विचारलेलं नाही.

१२ मार्च, मंगळवार

कपाट आलं. शेजाऱ्याने आणि मी दोन जिने चढवून आणलं. पुठ्ठा काढल्यावर लक्षात आलं की ते माझ्या कमरेलाही लागत नाही. पिस्तुलाचं कपाट आहे. दुकानात चौथऱ्यावर ठेवलं होतं म्हणून उंच दिसलं. रौबाल बहुधा हेच सांगत होता.

शेजारी म्हणाला, "बंदूक दुमडून ठेवणार का काय?"

शांतपणे विचार केला. उलट बरंच झालं. पिस्तूल हेच खरं नेमबाजाचं हत्यार. आटोपशीर. आजपासून पिस्तूल.

(नंतर) पिस्तुलांच्या किमती बघितल्या. रायफलच. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१४ मार्च, गुरुवार

परवान्यासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. आमचे डॉक्टर ह्रुबेश म्हणजे पबमधलेच, काउंटरपाशी उभे राहून पिणारे. पाच मिनिटांचं काम, असं धरून गेलो.

डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, डोळे बघितले, कान बघितले. सगळं उत्तम. मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आणि ते निळ्या पुस्तकाचं काय?"

हे म्हणजे कमाल झाली. अठ्ठ्याऐंशी साली मला सक्तीच्या लष्करी नोकरीतून सूट मिळाली, ती निळी पुस्तिका. तेव्हा सगळेच काही ना काही सोंग करायचे. कुणी अंथरूण ओलं करायचा, कुणी वेड पांघरायचा. मी झोपेत चालायचो. लष्करी इस्पितळात तीन रात्री डोक्यावर उशीचा अभ्रा घालून, राष्ट्रगीत म्हणत वॉर्डभर फिरलो आणि कर्नलच्या पलंगावर चढलो. ही गोष्ट मी पबमध्ये हजारदा सांगितली आहे. लोक अजून हसतात. डॉक्टर स्वतः रडेपर्यंत हसलेत.

आता म्हणतात, "अहो हिनेक, गोष्ट झकासच आहे. पण मला सही करायचीय. झोपेत चालणाऱ्याच्या घरात बंदूक जाते आहे का, हे मला कळायला नको? तेव्हा लष्कराला फसवलंत, की आत्ता मला फसवताय?"

म्हटलं, अर्थात लष्कराला.

म्हणाले, "सिद्ध कसं करणार?"

मी खुर्चीत बसून विचार केला. पस्तीस वर्षांपूर्वी माणूस चालत नव्हता, हे कसं सिद्ध करायचं? मानसशास्त्रज्ञाकडे चिठ्ठी दिली आहे.

घरी येऊन हे सांगितलं तर क्वेता म्हणाली, "पण चालतोस की तू. मागच्या महिन्यात कोठीघरात उभा राहून आलुबुखाराचा जॅम खात होतास, डोळे मिटून."

भूक लागली होती. डोळे चव घेताना सगळेच मिटतात.

२२ मार्च, शुक्रवार

आज नेमबाजांच्या टेबलाजवळ जाऊन, उभ्या उभ्याच, तज्ज्ञांचा सल्ला घेतला. पंधरा हजारांत पहिली बंदूक कोणती? होलुब म्हणाला जुनी .२२ रायफल, आणि रायफलीआधी आवाज अडवणारे कानाचे मफ्स घ्या. दुसरा म्हणाला, छे, थोडे पैसे अजून साठव आणि चांगली घे, नाहीतर दोनदा घ्यावी लागते. तिसरा म्हणाला, क्लबची बंदूक भाड्याने घे, काय घाई आहे. यार्का ग्लास ठेवता ठेवता म्हणाली, जत्रेत कागदी गुलाब उडवतात ती हवेची बंदूक घे, निदान बायकोला गुलाब तरी मिळतील.

सगळे हसले. बोहूशला मात्र काही ऐकू गेलं नाही. तो टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होता, कुणाला तरी बंदुकीचा धक्का खांद्यावर कसा घ्यायचा ते सांगत होता. मला बघून ग्लास उंचावला. मीही उंचावला. माझा रिकामा होता, पण लांबून कळत नाही.

उभं राहिल्यामुळे पाय दुखले. खुर्ची रिकामी होती एक. पण पाटी म्हणजे पाटी.

१ एप्रिल, सोमवार

ईस्टर. बायकांना लुटूपुटीचे फटके मारायची विलोच्या काड्यांची वेणी घेऊन प्रथेप्रमाणे बोहूशच्या घरी गेलो. त्याची बायको मिलूश, तिच्या पाठीवर दोन हलके फटके मारले. तिने रंगवलेलं अंडं दिलं, आलुबुखाराची दारू ओतली. बोहूश घरी नव्हता.

"होलुबकडे जमलेत ना सगळे," ती म्हणाली. "तू नाही गेलास?"

म्हटलं, तिकडेच निघालोय.

आणि घरी आलो. अंडं छान होतं, त्यावर कोंबडा काढला होता. वाटेत बाकावर बसून खाल्लं. या एका दिवसाचं मला थोडं वाईट वाटलं, हे इथे नोंदवतो. उद्यापर्यंत जाईल.

१० एप्रिल, बुधवार

मानसशास्त्रज्ञ बाई तरुण आहेत. खिडकीत कॅक्टसच्या कुंड्या.

त्यांनी विचारलं, बंदूक कशाला हवी. मी पाठ करून गेलो होतो. म्हटलं, मनःशांतीसाठी. बाईंनी काहीतरी लिहिलं, जरा जास्तच लिहिलं. कुणाबरोबर नेम धरणार? मी उगाच कुणाचं नाव गुंतवायला नको म्हणून म्हटलं, एकटाच. त्यांनी आणखी लिहिलं. शांतता कधी कमी वाटते? शुक्रवारी, म्हटलं. फक्त शुक्रवारी? हो, साधारण सहानंतर.

तोवर माझ्या लक्षात आलं की प्रकरण हातचं चाललंय. मग सरळ सांगायला लागलो. व्हेंडेलिन, मारियाश, पाच मिनिटं, पाटी, खुंट्या. थांबलो तेव्हा बाहेर पुढचा पेशंट दार ठोठावत होता.

बाई म्हणाल्या, "याला बंदूक कशाला लागते हो? तुम्हाला तिसरा माणूस हवाय."

मी म्हटलं, तुम्हाला आमच्या पबची रचना माहीत नाही.

तरी त्यांनी सही केली. 'धोका नाही' असं लिहून दिलं. दारापर्यंत सोडायला आल्या आणि माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. माझ्या मनाच्या ताकदीचा त्यांच्यावर परिणाम झाला असावा.

१७ एप्रिल, बुधवार

परवान्याची लेखी परीक्षा. नापास.

प्रश्न चुकीचे होते असं नाही म्हणत. पण रेंजवर दोघे एकाच वेळी जागेवर आले तर काय, या प्रश्नाला मी 'उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य' असं लिहिलं. तीस वर्षांची सवय. त्यातून एक तत्त्व दिसतं, हे परीक्षकाला समजायला हवं होतं.

१५ मे, बुधवार

लेखी पास! प्रात्यक्षिकात नापास.

बंदूक रिकामी आहे का ते तपासून, सुरक्षित दिशेला धरून, मोठ्याने सांगायचं असतं. मी सगळं केलं. फक्त शेवटी "आरसे बघितले" असं निघून गेलं तोंडातून. परीक्षक एवढा हसला की त्याला बाहेर जावं लागलं. आल्यावर म्हणाला, चूक ती नाही, चूक ही की सांगताना तुम्ही नळी माझ्याकडे वळवलीत.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बातमी पोचली आहे. आज वर्गात एका बाईंनी हात वर करून विचारलं, "सर, नापास झाल्यावर माणसाने खचून जाऊ नये म्हणून काय करावं?" मी म्हटलं, अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आहे.

संध्याकाळी क्वेताने लसणीचा ब्रेड तळून दिला. हल्ली ती काही बोलत नाही आणि लसणीचा ब्रेड देते.

२६ जून, बुधवार

पास. परवाना होणार. बोहूशला सांगायचं नाही. त्याला एकदम टेबलावरच दिसायचं मी. कल्पना करून हसू आलं.

१९ जुलै, शुक्रवार

रौबालकडून रायफल घेतली. जुनी सरावाची .२२, कुणीतरी विकायला ठेवलेली. दस्ता ओबडधोबड, वार्निश उडालेलं, पण नळी आतून आरशासारखी स्वच्छ. रौबालने तीन दाखवल्या, प्रत्येक खांद्याला लावून बघायला लावली. एक फार लांब होती, एकीची नेम धरायची पट्टी मला दिसेचना. ही आपोआप गालाला लागली. खरं तर अगदी बरोबर निवड झाली. बजेटमध्ये. कानाचे मफ्स आणि पहिली काडतुसांची पेटी घेऊनही.

अर्थात कपाटाचे पैसे धरले नाहीत. ते वेगळ्या खात्यातले.

रौबाल म्हणाला, ठेवणार कुठे? कपाट तर बुटकं. दुसरं कपाट घ्यायचं तर रायफलीएवढेच पैसे जातील. मी विनवल्यावर त्याने होलुबला फोन केला. शेवटी ठरलं की ती क्लबच्या बंदोबस्तात राहील, माझं सभासदत्व होईपर्यंत. म्हणजे रायफल क्लबमध्ये आहे आणि मी अजून नाही.

छोट्या कपाटात क्वेताने जॅमच्या बरण्या ठेवल्या. ती म्हणते, कुलूप चांगलं आहे, आता तू झोपेत खाणार नाहीस.

३० ऑगस्ट, शुक्रवार

सभासद करून घेण्याआधी नवशिक्यांना काही आठवडे सराव करावा लागतो. तो शेजारच्या गावातल्या छताखालच्या रेंजवर, शुक्रवारी सहा ते नऊ. परतायची शेवटची बस साडेनऊची. म्हणजे या काळात शुक्रवारी पब नाही.

काही हरकत नाही. खुंट्यांखाली बसून मी काय मिळवत होतो? थोडे शुक्रवार कमी, मग पुढचे सगळे शुक्रवार त्या टेबलावर. हिशेब सरळ आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सराव. झोपून नेम धरायचा, श्वास अर्धा सोडायचा, बोट हळू ओढायचं. झोपण्यापर्यंतचा भाग मला चांगला जमतो.

घरी येताना फोन बघितला. बोहूशचे दोन फोन येऊन गेले. कानावर मफ्स होते, कसं ऐकू येणार? उलटा फोन करायला बोट नेलं आणि थांबलो. आवाजावरून ओळखेल तो. त्याच्याशी मी कधी खोटं बोलू शकलेलो नाही, मारियाशच्या एका पत्त्याबद्दलसुद्धा. सरप्राईज फुटायला नको.

२० सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा सराव. घरी आलो तर स्वयंपाकघरात टोपलीभर रानातल्या अळिंब्या. क्वेता त्या साफ करत बसली होती. म्हणाली, बोहूश देऊन गेला. तुला भेटायला आला होता. विचारत होता, हिनेक शुक्रवारी हल्ली असतो कुठे.

म्हटलं, तू काय सांगितलंस?

"काय सांगणार? तू तोंड बांधून ठेवलंयस माझं. म्हटलं, कामात असतो."

शाबास, म्हटलं.

तिने सुरी खाली ठेवली. "अरे, तो दारात उभा होता बराच वेळ. काहीतरी बोलायचं होतं त्याला. बरा दिसला नाही."

बोहूश बारीकसारीक गोष्टींनी कुरकुरतो, पहिल्यापासून. आणि महिनाभराचाच तर प्रश्न आहे. मला बघून त्याचा चेहरा कसा होईल, हे क्वेताला कळायचं नाही.

अळिंब्या अंड्यात घालून केल्या. मोठमोठ्या, एकही किडकी नाही. चांगल्या निवडून आणल्या होत्या त्याने.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रगती. आज दहा गोळ्यांपैकी सहा कागदावर लागल्या. दुर्दैवाने कागद शेजारच्या माणसाचा होता. तो खूश झाला, त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम दिवस म्हणाला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमचा नेम चांगला आहे, फक्त तो तुमच्यासमोर नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सरावाचा शेवट. कागद माझाच, भोकं सात. एक अगदी मध्याजवळ. बाईंनी माझ्या फॉर्मवर शिक्का मारला.

होलुबला लगेच फोन केला. तो म्हणाला, पुढच्या बैठकीत तुमचं नाव घेतो, मग नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी टेबलावर या, स्वागत करू. मी म्हटलं, एकच विनंती, बोहूशला कळू देऊ नका.

होलुब म्हणाला, "बोहूशला? पण बोहूश तर आता..."

मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. सरप्राईज म्हणजे सरप्राईज, म्हटलं. होलुब चांगला माणूस आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

नवा शर्ट. क्वेताने इस्त्री केला आणि कॉलर सरळ करताना म्हणाली, "जाताना तरी त्याला फोन कर." हसलो.

दारातून आत गेलो. खुंटीला कोट अडकवला, पण तिच्याखाली बसलो नाही. सरळ पाटीपाशी. होलुब उठला, सगळ्यांनी ग्लास वाजवले, मला खुर्ची ओढून दिली. मी भोवती बघितलं.

बोहूश नव्हता.

होलुब म्हणाला, "सांगत होतो तुम्हाला, ऐकतच नव्हतात. त्याने ऑगस्टअखेरीसच सोडलं. कानात शिट्ट्या वाजायला लागल्या, डॉक्टर ह्रुबेशनी बंदी घातली. तसंही त्याचं मन नव्हतं इथे. अर्धा वेळ तुमच्या त्या कोपऱ्याकडे बघत बसायचा."

मी कोपऱ्याकडे बघितलं. बोहूश तिथेच होता. समोर डॉक्टर ह्रुबेश, आणि पोस्टात काम करणारा एक जाडा माणूस. पत्ते वाटले होते.

मी उठून तिकडे गेलो. बोहूशने वर बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. म्हणाला, "अरे लेका, होतास कुठे? फोन केले, घरी आलो. म्हटलं तुला घेऊन बसू परत, डॉक्टर तिसरे म्हणून यायला तयार झालेत. तुझं शुक्रवारी काहीतरी काम असतं, असं क्वेता म्हणाली. म्हटलं, असेल बाबा. मग हा आला पोस्टातला. बस ना, बघ खेळ."

बसलो. बघितला एक डाव. मारियाशमध्ये बघणाऱ्याने बोलायचं नसतं. पोस्टातला बदामाचा राजा फार लवकर टाकतो.

मग बोहूशच्या लक्षात आलं की मी त्या टेबलावरून उठून आलो होतो. "तू क्लबात? तू? तुला रे कधीपासून बंदुकीची आवड?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. डॉक्टर बघत होते, पोस्टातला बघत होता. मी म्हटलं, मनःशांतीसाठी.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

नेमबाजांच्या टेबलावर. खुर्ची चांगली आहे, पाठीला आधार आहे. होलुबने धक्का खांद्यावर कसा घ्यायचा ते सांगितलं. मग दुसऱ्याने सांगितलं.

रौबाल भेटला. सहज विचारलं, जुन्या .२२ ला परत काय भाव येईल. म्हणाला, घेतली तेवढे येणार नाहीत. म्हटलं, सहज विचारलं.

नऊच्या सुमारास कोपऱ्यातला डाव मोडला. बोहूश कोट घ्यायला आमच्या बाजूने गेला. माझ्यामागे थांबला, खांद्यावर हात ठेवला. माझ्यासाठी खरंच आनंदात होता तो. म्हणाला, "बरं झालं बघ, हिनेक. मला काळजी लागून राहिली होती तुझी. तुला तुझी माणसं मिळाली."

मी म्हटलं, हो ना.